जलरंग शिकताना: विषय कसा निवडावा, रेखाटन किती करावं आणि पेटीत कोणते रंग ठेवावेत

महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या अनेकांना ब्रश नवा नसतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र सगळं करून झालेलं असतं. तरी मोठेपणी जलरंगाची पेटी उघडली की चित्राचा चिखल होतो आणि आपल्या हातात कला नाही असं वाटू लागतं. दोष हाताचा नसून सवयीचा असतो. पोस्टर कलरमध्ये गडदावर फिकट रंग चढतो, चूक झाकता येते, पांढरा रंग बाटलीतून काढता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. तो एकदा झाकला की गेला. म्हणून इथे फिकटाकडून गडदाकडे आणि मोठ्या भागाकडून बारकाव्याकडे जायचं. ब्रश ओला होण्याआधी उजेड कुठे आणि अंधार कुठे हे ठरलेलं असायला हवं. विषय निवडताना, रेखाटताना आणि रंग कालवताना हाच निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.

सुरुवातीचं सामान

- ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत) कागद
- सहा किंवा सात नळ्या, आणि त्या पिळून ठेवायला झाकणाची पॅलेट
- गोल ब्रश ६ आणि १० नंबरचे, एक इंचाचा चपटा ब्रश, बारीक फांद्या-तारांसाठी एक रिगर
- २बी पेन्सिल, मळता येणारं खोडरबर, छोटी वही
- पाण्याची दोन भांडी, जुन्या सुती कापडाचा तुकडा, फवारणीची लहान बाटली
- पातळ प्लायवूड किंवा फोम बोर्ड, कागद त्यावर चिकटवायला एक इंची मास्किंग टेप

इझेल लागत नाही. मांडीवरचा बोर्ड आणि त्याखाली घडी केलेली चादर एवढ्यात काम भागतं. बोर्ड पंधरा-वीस अंशांनी तुमच्याकडे उतरता ठेवा, म्हणजे वॉश (पातळ रंगाचा मोठा, सलग थर) खाली वाहत येतो आणि सपाट बसतो.

१. पैसे कागदावर घाला

बहुतेक जण महागडे रंग घेतात आणि शाळेच्या ड्रॉइंग पेपरवर काम करतात. उलट करा. साध्या रंगांतून चांगल्या कागदावर बरं चित्र होतं. वाईट कागदावर मात्र उत्तम रंगही मरतो. शंभर टक्के कापसाचा कागद पाणी जास्त वेळ धरून ठेवतो, त्यामुळे दोन रंग एकमेकांत मिसळायला वेळ मिळतो आणि दुसरा थर देताना पहिला उखडत नाही. लाकडाच्या लगद्याचा कागद लवकर सुकतो, रंग वर-वर राहतो. सरावाला तो चालेल, पण त्यावर ओल्यात ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडण्याचं, काम जमलं नाही तर स्वतःला बोल लावू नका.

कागदावर सरसासारखा लेप असतो, त्याला सायझिंग म्हणतात. पाणी लगेच आत शिरू नये म्हणून तो दिलेला असतो. दुकानात हातकागद घेताना एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब काही क्षण वर उभा राहिला तर कागद जलरंगाचा, टिपकागदासारखा शोषला गेला तर तो सोडा. दिसायला सुंदर असलेले कितीतरी हातकागद या चाचणीत नापास होतात, कारण ते पत्रिका-पाकिटांसाठी बनवलेले असतात.

पॅडपेक्षा सुटा पूर्ण ताव स्वस्त पडतो. २२ बाय ३० इंचांच्या तावाचे साडेसात बाय अकरा इंचांचे आठ तुकडे होतात, आणि शिकताना हाच आकार योग्य. तासाभरात संपतो, आणि बिघडला तर मागची बाजू वापरता येते.

२. सहा नळ्या, बारा-चोवीसची पेटी नको

मोठ्या संचातले निम्मे रंग इतरांच्या मिश्रणातून बनलेले असतात. ते पुन्हा मिसळले की एका फटकाऱ्यात चार-पाच रंगद्रव्यं एकत्र येतात आणि मळकटपणा तिथून सुरू होतो. नळीवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा कोड असतो, तो वाचायची सवय लावा. एकच कोड असलेली नळी घ्या.

- लेमन यलो: पीवाय ३
- यलो ऑकर: पीवाय ४२ किंवा ४३
- बर्न्ट सिएना: पीबीआर ७ किंवा पीआर १०१
- पर्मनंट रोज: पीव्ही १९
- अल्ट्रामरीन: पीबी २९
- थॅलो ब्लू: पीबी १५:३

सातवी नळी घ्यायची तर पायरोल स्कार्लेट, पीआर २५५. झेंडू, गुलमोहर, देवळावरचा भगवा ध्वज यांचा नारिंगी-लाल लेमन आणि रोजमधून हवा तितका धगधगीत निघत नाही.

दोन रंग मुद्दाम टाळा. पीआर ८३ हा मूळ अलिझरिन क्रिमसन उजेडात फिका पडतो. भिंतीवर लावलेल्या चित्रातली लाली काही वर्षांत उडते. दुसरा काळा. सावलीत काळा घातला की ती सावली न राहता कागदाला पडलेलं भोक दिसते. नावात ‘ह्यू’ (म्हणजे मूळ रंगाची नक्कल) असलेल्या नळीकडेही नीट बघा. स्वस्त सेरुलियन ह्यूमध्ये बरेचदा थॅलो आणि पांढरा असतो, आणि त्या पांढऱ्यामुळे आकाश खडूने रंगवल्यासारखं दिसतं.

३. रोजचा विषय: वस्तू नको, ऊन शोधा

‘आज काय काढू’ हा प्रश्न नवख्याला सर्वात जास्त थांबवतो. उत्तर शोधायला किल्ल्यावर जावं लागत नाही. घरातून फिरताना ऊन कुठे पडलंय एवढं बघा. खिडकीच्या गजांची फरशीवर पडलेली सावली, ओट्यावरचा तांब्या आणि दोन वांगी, दोरीवर वाळणारं पातळ, जिन्याचा कोपरा, समोरच्या टपरीचं निळं ताडपत्रीचं छप्पर. एका बाजूने उजेड आणि दुसऱ्या बाजूला ठसठशीत सावली असेल तर साधी बादलीसुद्धा चित्र होते. भर दुपारी सगळीकडे सारखं ऊन असताना कितीही देखणं देऊळ सपाट दिसतं.

म्हणून वेळ पाळा. पठारावर मार्च ते मे सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी पाचच्या आधी सावल्या आखूड असतात. सकाळी साडेसात ते नऊ हा वेळ सर्वात चांगला.

एक आठवडा हा प्रयोग करा: एकच खिडकी, रोज वेगळ्या वेळी, वीस मिनिटांत, पोस्टकार्डच्या आकारात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खिडकी दिसेनाशी होते आणि उजेडाचे आकार दिसू लागतात. हा बदल झाला की विषयांची टंचाई उरत नाही.

डोळे किलकिले करून बघणं ही या कामातली सर्वात उपयोगी युक्ती. बारकावे पुसले जातात, फक्त उजळ आणि गडद तुकडे उरतात. किलकिल्या डोळ्यांनीही जो देखावा स्पष्ट राहतो तो घ्या. सगळा एकसारखा करडा झाला तर पुढे चला.

४. काडेपेटीएवढं चित्र आधी

वहीत काडेपेटीच्या आकाराची चौकट आखा आणि तीनच छटांमध्ये देखावा बसवा: कोरा कागद, मधला करडा, गडद. दोन मिनिटं पुरतात. रेषा मोजू नका, तुकडे भरा. चौकट आडवी-उभी करून अशी दोन-तीन करा आणि जिच्यात गडद तुकडे एकमेकांना जोडलेले आहेत ती निवडा. गडद ठिपके सुटे-सुटे विखुरले की डोळा कुठेच ठरत नाही.

सावळाराम हळदणकर यांचं निरांजन हाती धरलेल्या स्त्रीचं चित्र मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते जलरंगातलं आहे. ज्योत हाताआड ठेवलेली, तिचा उजेड बोटांतून आणि चेहऱ्यावर. छापील प्रत मिळाली तरी डोळे किलकिले करून तिची तीन छटांतली चौकट करा. उजेड दिसतो तो त्याच्या शेजारी ठेवलेल्या अंधारामुळे, हे वाचून कळत नाही, पेन्सिलीने करून कळतं.

ही पायरी गाळण्याचा मोह फार होतो. ती गाळली की छटांचा निर्णय ओल्या कागदावर घ्यावा लागतो, आणि तिथे विचाराला वेळ नसतो.

५. पेन्सिल: जरुरीपुरती

आता मोठ्या कागदावर रेखाटन. आधी डोळ्यांच्या पातळीची रेषा फिकट आखा. घराच्या पागोळ्या, पायऱ्या, दुकानांचे फलक या रेषेच्या वर असतील तर लांब जाताना खाली उतरतात. खाली असतील तर वर चढतात. पर्स्पेक्टिव्हचं एवढंच पक्कं ठेवलं तरी घरं कोसळत नाहीत. प्रमाणासाठी हात पूर्ण ताठ ठेवून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्या. कोपर वाकलं की माप बदलतं.

माणसांसाठी एक नियम बाजारात, एसटी स्टँडवर, जत्रेत सगळीकडे कामाला येतो. सपाट जमिनीवर तुम्ही उभे असाल तर तुमच्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी डोळ्यांच्या पातळीवरच येतात, जवळची असोत की लांबची. फक्त पाय वर-खाली होतात. तुम्ही जमिनीवर बसून काढत असाल तर ती रेषा उभ्या माणसांच्या साधारण कमरेवरून जाते. घाटाच्या पायऱ्यांवर माणसं वेगवेगळ्या उंचीवर असतात, तिथे हा नियम आंधळेपणाने लावू नका.

रेषा हलक्या हाताने काढा. २बी दाबून ओढली तर कागदावर चर पडते आणि रंग त्यात साचून काळी रेघ उमटते. साधं खोडरबर घासलं तर सायझिंग खरवडलं जातं, मग नेमका तिथेच डाग पडतो. ते घासू नका, मळता येणारं रबर दाबून रेघ उचला. पेनाने काढणार असाल तर शाई पाण्याला टिकते का ते आधी तपासा: रेघ मारा, पूर्ण वाळू द्या, वरून ओला ब्रश फिरवा. शाईपेनातली बहुतेक शाई पसरते.

शेवटी कोपऱ्यात उन्हाच्या दिशेचा बाण काढा आणि सावल्यांच्या कडा आत्ताच आखून टाका. तासाभरात सावली सरकते. तिच्यामागे धावलात तर चित्रात दोन सूर्य होतात.

६. आपल्या मुलखाचे रंग कालवताना

या सहा नळ्यांमधून महाराष्ट्रातलं बहुतेक सगळं निघतं.

घाटावरचा काळा दगड: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. या जोडीतून हवे तितके करडे मिळतात. निळा जास्त घातला तर थंड, सिएना जास्त तर ऊबदार. दोन्ही पॅलेटवर पूर्ण एकजीव करू नका, कागदावर थोडे वेगळे राहू द्या. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो.

जांभा: बर्न्ट सिएनात किंचित रोज, ओला असतानाच खालच्या बाजूला थोडा अल्ट्रामरीन. मंगलोरी कौलांना याच मिश्रणात, सातवी नळी असेल तर, स्कार्लेटचा स्पर्श, आणि एक-दोन कौलं अगदी फिकट सोडलेली. प्रत्येक कौल काढायचं नाही. वळचणीच्या सावलीत चार दाखवली की बाकीची डोळा भरून घेतो.

पावसाळी हिरवा नवख्यांना सर्वात जास्त छळतो. तयार सॅप ग्रीन सगळीकडे लावला तर डोंगर प्लास्टिकचा वाटतो. लेमन यलोचं मोठं थारोळं करा आणि त्यात ब्रशच्या टोकाने थॅलो घाला. उलट केलंत तर अर्धी नळी पिवळा जाईल, कारण थॅलो फार जोरकस आहे. मग त्यात थोडा बर्न्ट सिएना, तो हिरव्याचा कृत्रिम तजेला उतरवतो. भाताच्या रोपांना सिएना जवळजवळ नको. आंब्याच्या गडद पानांना थॅलो आणि सिएना जवळपास सारखे, पाणी कमी. लांबच्या झाडीला अल्ट्रामरीन आणि ऑकर, म्हणजे हिरवा मुळातच शांत निघतो.

सह्याद्रीच्या एकामागे एक रांगा: सर्वात लांबची अल्ट्रामरीन आणि किंचित रोज, भरपूर पाण्यात. जवळ येताना दर रांगेला पाणी कमी आणि ऑकर-सिएना जास्त. मे महिन्यात लांबची रांग धुळकट असते, तिथे निळ्यात ऑकरचा थेंब हवाच. पोस्टकार्डी निळा डोंगर आपल्याकडे पाऊस उघडल्यानंतरच्या थोड्या दिवसांत दिसतो.

पांढऱ्या भिंतीवरची सावली: अल्ट्रामरीन, थोडा रोज, चिमूटभर सिएना. एकाच थरात, एकाच दमात. ओली असतानाच जमिनीजवळ थोडा ऑकर सोडा, अंगणातून उसळणारा उजेड तिथे भिंतीवर चढलेला असतो. सावलीवरून दुसऱ्यांदा ब्रश फिरवू नका.

त्वचेसाठी पेटीतला तयार गुलाबी ‘फ्लेश टिंट’ विसरा. बर्न्ट सिएना आणि रोज, उजेडात पाणी जास्त, सावलीत अल्ट्रामरीन.

ही सगळी मिश्रणं एका तावाच्या तुकड्यावर चौकोनांत करून शेजारी नावं लिहा आणि तो तुकडा पॅलेटच्या झाकणात ठेवा. रंग सुकल्यावर ओल्यापेक्षा ठळकपणे फिका होतो, आणि तो फरक डोळ्यांत बसायला हा तक्ता लागतो.

७. पाण्याचा हिशेब

रंगाची दाटी ओळखायला स्वयंपाकघरातलं माप वापरा: चहा, दूध, दही. पहिला मोठा वॉश चहाइतका पातळ, मधल्या छटा दुधाइतक्या, शेवटचे गडद फटकारे दह्याइतके. नवखे बहुतेक सगळं चित्र चहानेच रंगवतात आणि मग ते फिकट का झालं याचं नवल करतात.

कागदाची ओल तिरकं बघून ओळखा. चकचकीत असेल तर रंग पसरेल आणि कडा पूर्ण विरघळेल: ढग, धुकं. चकाकी मंदावली की रंग सोडा: लांबची झाडी मऊ कडेने बसेल. चकाकी गेली पण हाताच्या मागच्या बाजूला गार लागतोय, अशा वेळी काहीही करू नका. नुकसान याच टप्प्यात होतं. निम्म्या सुकलेल्या भागात जास्त ओला ब्रश टेकला की ते पाणी आजूबाजूचा रंग ढकलत जातं आणि दातेरी कडेचा डाग उमटतो. म्हणजे नियम असा: ओल्या भागात दुसऱ्यांदा जाणारा ब्रश कागदापेक्षा कोरडा असावा. भांड्यातून काढल्यावर प्रत्येक वेळी कापडावर टेकवा.

डाग पडलाच तर हात आवरा. पूर्ण वाळू द्या, मग ओल्या चपट्या ब्रशने कड हलकेच सैल करून कापडाने टिपा. अल्ट्रामरीन बराच उचलला जातो. थॅलो कागदाला डसतो, तो निघत नाही, म्हणून आकाशाला शक्यतो अल्ट्रामरीन वापरा.

हेअर ड्रायर चकाकी जाईपर्यंत लावू नका. हवा ओला रंग ढकलते. मास्किंग फ्लुइड (कोरी ठेवायची जागा झाकणारा, नंतर सोलून काढायचा द्रव) ब्रशने लावण्याआधी ब्रश साबणात बुडवा, नाहीतर केस कायमचे चिकटतील. ते उन्हात तापू देऊ नका आणि दिवसेंदिवस कागदावर ठेवू नका, काढताना कागदाची साल निघते.

८. एक चित्र क्रमाने: वाईचा घाट

कृष्णेकाठी बसून ढोल्या गणपतीचं देऊळ काढायचं आहे असं धरू. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. चित्रकाराला तिचा फायदा असा की ऊन तिरपं असताना तिच्या एका अंगावर उजेड आणि दुसऱ्यावर सावली मिळते.

काडेपेटीची चौकट: आकाश आणि शिखराची उजेडाकडची बाजू कोरी, डोंगर आणि पाणी मधलं, भिंतीची सावली आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब गडद. दोन्ही गडद तुकडे जोडून घ्या.

पहिला वॉश चहाइतका. आकाशात पातळ अल्ट्रामरीन, क्षितिजाजवळ ऑकर, तसाच खाली पायऱ्यांवरून पाण्यापर्यंत. शिखराचा उजेड आणि माणसांचे पांढरे कपडे कोरडे सोडा. पूर्ण वाळू द्या.

दुसरा थर दुधाइतका: डोंगर, झाडी, मग भिंतीची आणि शिखराची सावली एका सलग आकारात. पायऱ्यांचे उभे भाग तेवढे रंगवा; आडवे भाग पहिल्या वॉशमध्ये झालेले आहेत. प्रतिबिंब उभ्या फटकाऱ्यांनी, वरच्या वस्तूपेक्षा थोडं कमी विरोधाचं. उजळ वस्तूचं प्रतिबिंब किंचित गडद असतं, गडदाचं किंचित फिकं.

तिसरा थर दह्याइतका आणि अगदी थोडा: दाराचा अंधार, माणसांच्या पायांखालच्या सावल्या, रिगरने एक-दोन फांद्या. डोकं आधी, खांदे, मग निमुळतं होत जाणारं शरीर, नाक-डोळे नकोत. ध्वजाचा भगवा शेवटी, एका फटक्यात.

चित्र पूर्ण वाळल्यावर टेप, कागदाशी तिरपी धरून, बाहेरच्या दिशेने काढा.

९. ऋतू आणि जागा

कोकणात जुलैमध्ये वॉश सुकायला अर्धा तासही लागतो. दोन छोटी चित्रं शेजारी लावून आलटून-पालटून करा. पठारावर मे महिन्यात तोच वॉश पाचेक मिनिटांत वाळतो, तिथे कागद दोन्ही बाजूंनी ओला करून घ्या आणि मिश्रण लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट कालवा. मध्येच संपलं की तोच रंग पुन्हा जुळत नाही.

स्वतः सावलीत बसा आणि कागदही सावलीत ठेवा. उन्हातला पांढरा कागद डोळे दिपवतो, रंग पुरेसा गडद झाल्याचा भास होतो आणि घरी आणल्यावर चित्र पुसट निघतं. घाट, देऊळ, खाजगी वाडा अशा ठिकाणी स्टँड किंवा छत्री लावायची असेल तर आधी विचारा. रेल्वे, बंदर, लष्करी हद्द अशा जागी परवानगीशिवाय बसू नका. रंगाचं पाणी घाटाच्या पायऱ्यांवर किंवा नदीत ओतू नका, बाटलीत भरून परत आणा.

पावसाळ्यात कोरा कागद सर्वात जास्त जपावा लागतो. दमट हवेत सायझिंग खराब होतं आणि पुढे वॉश दिला की पांढरट किंवा गडद ठिपके उमटतात. ते कशानेही जात नाहीत. जूनच्या आधी ताव प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, भिंतीला न टेकता आडवे ठेवा. पुड्या दर महिन्याला बदला किंवा वाळवून घ्या. पॅलेट मात्र पूर्ण सुकल्याशिवाय बंद करू नका, नळीतल्या रंगाला बुरशी येते. आलीच तर वरचा थर ओल्या कापडाने पुसून काढा आणि पॅलेट दिवसभर उघडी वाळवा.